नातीला सागरगोटे शिकवताना

माझं माहेर गुहागरजवळचं. घरामागच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, सागरगोट्याची वेल पसरलेली होती, इतकी काटेरी की गुरंसुद्धा तिच्या वाटेला जात नसत. शेंगांनाही काटे. त्या वाळून उकलल्या की आत एक-दोन राखाडी, गुळगुळीत बिया. आम्ही काठीने शेंगा पाडायचो आणि चपलेखाली धरून सोलायचो. सागरगोटे विकतही मिळतात, हे मला लग्न होऊन पुण्याला आल्यावर कळलं.

या मे महिन्यात आठ वर्षांची नात राहायला आली होती. या बिया उडवून-झेलून खेळायचा सागरगोट्यांचा खेळ तिला शिकवताना जे जे उमगलं ते इथे लिहिते आहे. कुणाच्या घरी पुन्हा हा खेळ सुरू झाला तर मला फार आनंद होईल.

काष्ठौषधींच्या दुकानात सागरगोटे मागा. बाळगुटीत उगाळतात, त्यामुळे तिथे ठेवतात. मूठभर घेऊन त्यातून एका मापाचे ५ निवडा. पाचही तळहातावर घेऊन मुलीची मूठ नीट मिटली पाहिजे, आपली नव्हे. नीट पाहिलंत तर प्रत्येकावर केसासारख्या बारीक गोल रेषा दिसतील. हाताला भरीव लागणारा गोटा घ्या, हलका नीट झेलला जात नाही. घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर खेळ झाल्याबरोबर मोजून ठेवा; तोंडात घालण्याजोगं माप आहे हे.

आमच्याकडे शेणाने सारवलेली जमीन होती. गोटा पडेल तिथेच थांबायचा. आताच्या गुळगुळीत फरशीवर तो सोफ्याखाली जाऊन बसतो. पातळ सतरंजी ताणून अंथरा. गोधडी नको, तिच्यात बोटं रुततात आणि शेजारचा गोटा हलतो. एक पाय दुमडून दुसरा बाजूला पसरून बसायचं, म्हणजे समोर जागा मोकळी राहते.

पहिल्या दिवशी फक्त एक गोटा. वर उडवायचा आणि त्याच हाताने झेलायचा. मुलं तो पार पंख्यापर्यंत फेकतात. कपाळाच्या थोडा वर गेला तरी पुरतो, पण सरळ गेला पाहिजे. मनगट न झटकता तळहातानेच हलकं वर ढकलायचं. झेलायला हात पुढे न्यावा लागला तर फेक चुकली असं समजा. दुसऱ्या दिवशी उडवल्यावर जमिनीला हात टेकवून परत झेलायचं. इथे नातीची नजर सारखी खाली जायची आणि गोटा डोक्यावर पडायचा. माझी आई म्हणायची, "खालचा आधी बघून ठेव, मग वर बघ." मीही तेच सांगितलं. कोणता उचलायचा ते उडवण्याआधी ठरवायचं; उडवल्यावर नजर वरच्यावरच, खाली हात आपला आपण जातो. चौथ्या दिवशी तिचा हात न बघता गोट्यावर गेला तेव्हा तिच्याआधी मीच ओरडले.

आता खरा डाव. पाचही जमिनीवर टाकायचे, एक उचलायचा, तो उडवून खालचे चार एकेक करून गोळा करायचे. ही एकखई. मग दुखई, दोन-दोन. तिखईत एकदम तीन आणि उरलेला एक. चौखईत चारही एका झडपेत. उचलताना दुसऱ्या गोट्याला बोट लागलं, तो हलला, की डाव गेला. यावरून आमच्या ओटीवर जेवढी भांडणं झाली तेवढी कशावरूनच झाली नसतील.

टाकण्यातच निम्मा खेळ आहे, आणि हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. एकखईला हात आडवा फिरवून लांब-लांब पसरायचे, म्हणजे धक्का लागत नाही. दुखईला थोडे जवळ, जोड्या पडतील असे. चौखईला मात्र हात जमिनीजवळ नेऊन अलगद सोडायचे, एक पुंजका झाला पाहिजे. आई चौखईला गोटे ठेवल्यासारखे टाकायची. तिच्या हातातल्या बांगड्यासुद्धा वाजायच्या नाहीत.

डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी टेकवून कमान करायची आणि गोटा उडवून खालचे कमानीतून आत ढकलायचे, असाही प्रकार आहे. तो चौखई हातात बसल्यावर घ्या, आधी घेतलात तर मूल कंटाळतं.

शेवटी उपडा हात. पाचही एकदम वर उडवायचे, हात झटकन उपडा करून पंजाच्या पाठीवर झेलायचे. बोटं घट्ट जुळवून किंचित वर उचललेली ठेवली की मध्ये खळगा होतो आणि गोटे तिथे टिकतात. मग तेच परत उडवून मुठीत धरायचे. मुठीत आले तेवढे गुण. नातीचे आतापर्यंत ३ आले आहेत, माझे ४. पाच फक्त आईचे यायचे.

एक धोक्याची सूचना. सागरगोटा खरखरीत दगडावर खसाखसा घासला की चांगलाच तापतो. मुलांना हे दाखवू नका, दंडाला चटका द्यायला लगेच धावतात. मी दाखवलं नव्हतं. तिने दुसऱ्याच दिवशी स्वतःच शोधून काढलं, आणि पहिला चटका मलाच बसला.