फरशीवरचे कूलरच्या चाकांचे काळे पट्टे असे निघाले

परभणीत उन्हाळा म्हटलं की कूलर या खोलीतून त्या खोलीत ओढणं आलंच. त्याच्या रबरी चाकांनी हॉलच्या पांढऱ्या व्हिट्रिफाइड फरशीवर लांब काळे पट्टे उमटले. नख फिरवलं तर खाच लागत नव्हती; म्हणजे फरशी चिरली नव्हती, वर रबर चिकटलं होतं.

फिनेल, कपड्याची पावडर, सगळं झालं. बाथरूमचं ॲसिड लावलं, तर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर गेला, काळं तसंच! ॲसिडमध्ये क्षार विरघळतात, रबर नाही. अगदी वैताग आला होता.

शेवटी काम केलं शाळेच्या पांढऱ्या खोडरबरानं. आधी फरशी झाडून घ्या, कणभर वाळू राहिली तरी घासताना चरे पडतात. फरशी कोरडीच हवी, ओलीवर खोडरबर नुसतं घसरतं. पट्ट्याच्या लांबीच्या दिशेनं दाबून घासा, काळ्या वळ्या सुटतील, त्या झाडून टाका. उरलेल्या करड्या छटेवर खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून लावा, पाच मिनिटांनी मऊ सुती कापडानं गोल गोल घासा. मग साध्या पाण्यानं दोनदा पुसून लगेच कोरडं करा, नाहीतर सोड्याचा पांढुरका थर राहतो. तारेची घासणी मात्र नकोच.

जुन्या घरात शहाबादी असेल तर लिंबू, व्हिनेगर, ॲसिड अजिबात लावू नका. तो चुनखडीचा दगड, आम्लानं झिजतो आणि चमक जाते. खोडरबर तिथंही चालतं, पण पॉलिश असेल तर आधी कोपऱ्यात घासून बघा.

कूलर आता जुन्या चादरीवर ठेवून ओढतो.