जुन्या जारचं ‘पाणी’ बदलताना

अ‍ॅनॅटॉमी म्युझियमची कपाटं नव्याने ताब्यात आली की पहिली खुमखुमी असते ती अवयव जतन केलेले, पिवळे पडलेले सगळे जार एका दमात लख्ख करून टाकायची. ती आवरा. जारमधल्या द्रवाला आम्ही नुसतं ‘पाणी’ म्हणतो, पण ते पाणी कसलं आहे हे कळेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

वास घेऊन सांगणारे महाभाग भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. जारमध्ये फॉर्मल्डिहाइड असू शकतं, आणि ते कर्करोगाला कारण ठरणारं रसायन आहे. आधी नोंदवहीत स्पेसिमेनचं, म्हणजे आतल्या नमुन्याचं, साल शोधा. फर्डिनांड ब्लूम या जर्मन डॉक्टरने १८९३ मध्ये दाखवलं की फॉर्मल्डिहाइडने अवयव टिकवता येतात; त्याचं पाण्यातलं द्रावण म्हणजे फॉर्मलिन. असे नमुने जमवणारा नामांकित सर्जन जॉन हंटर लंडनमध्ये वारला तो १७९३ मध्ये, म्हणजे त्याच्या हातचे जार फॉर्मलिनच्या शंभर वर्षं आधीचे, स्पिरिटच्या, म्हणजे अल्कोहोलच्या, जमान्यातले. मात्र मधल्या काळात कोणी काय ओतलं असेल याचा भरवसा नाही. म्हणून फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात), हातमोजे आणि गॉगल चढवून थोडं पाणी उंच नळकांड्यात काढा आणि त्यात हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता दाखवणारी तरंगती नळी, सोडा (साध्या पाण्याचा आकडा १). आकडा १ च्या बराच खाली आला तर स्पिरिट. १ च्या जेमतेम वर असेल तर बहुधा फॉर्मलिन. चांगलाच वर आणि पाणी बोटांना बुळबुळीत, तर ग्लिसरीन, म्हणजे कायझरलिंग पद्धतीचं (अवयवाचा रंग टिकवून तो ग्लिसरीनच्या द्रावणात ठेवण्याचं) काम.

एक तपासणी मात्र याच्याही आधीची. बाहेरूनच टॉर्च मारा. चांदीच्या तारेसारख्या चकचकीत, बारीक रेषा दिसल्या किंवा तळाशी गोल थेंब लोळताना दिसले, तर जार होता तिथेच ठेवा. तो पारा आहे. लसीकावाहिन्या (शरीरातला लिम्फ नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) दिसाव्यात म्हणून पूर्वी त्यात पारा भरत. ते काम आपलं नाही, तज्ज्ञाला बोलवा.

आता माझी चूक सांगतो. एका मूत्रपिंडाच्या जारमधलं स्पिरिट वर्षानुवर्षं उडून पार पाणचट झालं होतं. मी ते काढून थेट ७० टक्क्यांचं ताजं स्पिरिट ओतलं आणि कौतुकाने घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर मूत्रपिंड सुकलेल्या अंजिरासारखं आक्रसलेलं, दोरा सैल पडलेला, आणि आख्खं स्पेसिमेन काचेला गाल टेकून बसलेलं! अवयवातलं पाणी एकदम खेचलं गेलं की असंच होतं. तेव्हापासून आधी ३० टक्के, मग ५०, मग ७०, आणि प्रत्येक पायरीवर काही दिवस मुक्काम. घाई असेल त्याने हे काम घेऊच नये.

जार काचेचा नसून पर्स्पेक्सचा (पारदर्शक अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकचा) असेल तर त्यात स्पिरिट घालायचंच नाही, भिंतींना बारीक तडे जातात. फॉर्मलिनच्या जारमध्ये हाड असेल तर आम्लता तपासा. जुनं फॉर्मलिन आंबट होत जातं आणि हाडातलं कॅल्शियम खातं. काढलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, रासायनिक कचऱ्याच्या कॅनमध्येच जाऊ द्या.

लेबलावर माझा फार जीव. जुनं कितीही मळकं असलं तरी खरवडू नका; आधी फोटो घ्या, क्रमांक नोंदवहीशी ताडून बघा. कित्येकदा त्या माणसाबद्दल जगात उरलेली एकुलती एक ओळ तीच असते, ‘पुरुष, वय ४०’ एवढीच. जारच्या आत नवी चिठ्ठी सोडायची तर शिसपेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते, मग आत निळं पाणी आणि कोरा कागद.

भरताना वर बोटभर जागा मोकळी ठेवा आणि झाकण सील करा. बाहेरून पाण्याच्या पातळीला काचेवर उठणाऱ्या पेन्सिलीची बारीक रेघ मारून तारीख घाला. महिन्याने बघा. पाणी रेघेखाली गेलं असेल तर सील गळतंय, परत उघडा.