दिवसभर बाहेर राबणाऱ्या बायकांनी पाणी कसं प्यावं

भांडुप-मुलुंडमधल्या घरकामगार बायकांच्या संघटनेत मी काम करते. आमच्यातल्या कितीतरी जणी सकाळी कपभर चहा घेऊन निघतात आणि दुपारी घरी परतेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. तहान लागते, पण नंतर जायचं कुठे? चार घरांची बाथरूम घासून लख्ख करणाऱ्या बाईला त्यातलं एकही वापरायची मुभा नसते. भाजीवाल्या, कोळणी, घरोघरी सामान पोचवणाऱ्या मुली, सगळ्यांची हीच गत. म्हणून नुसतं "पाणी पी गं" सांगून भागत नाही. आधी जागा बघायची, मग पाणी.

रोजच्या वाटेवरचं पालिकेचं, मंडईतलं, स्टेशनवरचं शौचालय एकदा आत जाऊन बघून या. कडी लागते का, दिवा आहे का, नळाला पाणी येतं का, कुलूप किती वाजता लागतं. लोकलच्या डब्यात सोय नसते, त्यामुळे कसारा-कर्जतकडून येणाऱ्यांनी गाडीत चढण्याआधीच जाऊन यावं.

मालकिणीशी बोलणं सगळ्यात जड जातं. ते बोलणं काम धरतानाच उरका, पगार आणि सुट्ट्या ठरतात त्याच बैठकीत. "मॅडम, मी दोन तास इथे असणार. लघवीला जायचं झालं तर कुठलं बाथरूम वापरू?" असं सरळ विचारा. "वापरू का?" म्हटलं की "नाही" म्हणणं सोपं होतं. आमच्या एका ताईला चौदाव्या मजल्यावरच्या मॅडमनी पार्किंगमागचा संडास दाखवला. ताई शांतपणे म्हणाली, "लिफ्टची वाट बघून खाली-वर करायला वीस मिनिटं जातील. तेवढं काम मागे राहील, चालेल ना?" मॅडमनी पाहुण्यांचं बाथरूम उघडून दिलं. सगळीकडे असं होत नाही. पण नकार येतो तो स्वच्छतेमुळे नव्हे, विटाळामुळे, हे मनात पक्कं ठेवा. स्वच्छतेचा प्रश्न असता तर बाथरूम घासायला तिच्याच हाती दिलं नसतं.

जागा ठरली की पाणी तिच्या हिशेबाने प्या. प्यायलेलं पाणी साधारण तासा-दीड तासात लघवीला लावतं. म्हणजे ठरलेल्या जागी पोचायच्या तासभर आधी पेलाभर प्यायचं. एकदम लिटरभर ढोसू नका. दर तीन-चार तासांनी लघवी झाली पाहिजे आणि तिचा रंग फिकट पिवळा हवा. गडद झाला तर पाणी कमी पडतंय. घाणीला घाबरून अर्धवट उकिडवं राहिलं की मूत्राशय नीट रिकामं होत नाही. भारतीय पद्धतीचा संडास मिळाला तर पूर्ण बसा. धुताना हात पुढून मागे न्या.

हे सगळं कशासाठी, तेही समजून घ्या. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटीमीटरचा, पुरुषाचा साधारण 20. गुदद्वाराकडचे जंतू आपल्याकडे पटकन वर चढतात आणि लघवीच्या धारेनेच धुऊन निघतात. पाणी नाही, धार नाही, मग जंतू आत ठाण मांडून बसतात. लहानपणापासून आपल्याला धरून ठेवायला शिकवलंय, वर चारचौघात बोलायचं नाही हेही. म्हणून जळजळ सुरू झाली की "उष्णता झालीय" म्हणत सब्जा आणि धण्या-जिऱ्याचं पाणी पिऊन बायका आठवडाभर अंगावर काढतात. धण्याचं पाणी खुशाल प्या, पण जळजळ, सारखी लागणं आणि थेंब-थेंब होणं दोन दिवसांत थांबलं नाही, तर पालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढा. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं, लघवीतून रक्त, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी जा. गरोदर बाईने आणि मधुमेह असलेल्या बाईने तर साध्या जळजळीलाही थांबू नये.

तपासणीसाठी लघवी देताना पहिली धार सोडून मधली डबीत धरा, तीही औषध सुरू करायच्या आधी. केमिस्टकडून दोन सुट्या गोळ्या आणून खाऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिलेला कोर्स, बरं वाटलं तरी, पूर्ण करा.

आता शौचालयांबद्दल. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, या अन्यायाविरुद्ध मुंबईत 2011 साली 'राइट टू पी', म्हणजे लघवीच्या हक्काची, मोहीम उभी राहिली. तुमच्या वाटेवरच्या शौचालयात लघवीचे पैसे मागत असतील, कडी तुटलेली असेल, नळ कोरडा असेल, तर पालिकेच्या 1916 या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. त्याच आठवड्यात पाच-सहा जणींनी मिळून वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या. मुलुंडसाठी टी वॉर्ड, भांडुपसाठी एस वॉर्ड. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्याजवळच्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.