जुन्या जपानी विशेषणांचा अर्थ कसा लावायचा

जुनं जपानी वाचताना घात करतात ती ओळखीची विशेषणं. अनोळखी शब्द आला तर आपण डिक्शनरी उघडतोच, पण 'उत्सुकुशि' दिसलं की 'सुंदर' धरून पुढे जातो आणि सगळा अर्थ हुकतो.

आधी शेवट बघा. वाक्याच्या शेवटी तेव्हा 'शि' यायचा, नामाआधी 'कि', आणि त्या 'कि'तला क गळून आजचा 'इ' आलाय. आता 'नारु' म्हणजे होणे जोडून बघा (जपानी शाळेत हीच ट्रिक शिकवतात). ताकाशि (उंच) चं शि जाऊन ताकाकु नारु झालं तर एक गट, कानाशि (दुःखी) चं कानाशिकु नारु असा शि राहिला तर दुसरा, आणि या दुसऱ्यात बहुतेक मनातल्या भावना असतात. अपवाद आहेत, पण अंदाज येतो.

मग शब्द फोडा, खरी मजा इथे आहे. आरिगाताशि म्हणजे आरि, असणं, आणि काताशि, अवघड. असणंच अवघड, म्हणजे दुर्मिळ. साधारण इ.स. १००० च्या सुमाराच्या 'माकुरा नो सोशि' या टिपणांच्या पुस्तकात दरबारातली लेखिका सेइ शोनागोनने अशा गोष्टींची यादी दिलीय, त्यात पहिलाच सासऱ्याने कौतुक केलेला जावई, मग सासूची लाडकी सून, मग केस नीट उपटणारा चांदीचा चिमटा! दुर्मिळ ते मोलाचं, मोलाचं म्हणून आभार, असं करत आजचं आरिगातो आलं. युकाशिपण तसंच, युकु म्हणजे जाणे, म्हणून जावंसं, बघावंसं, ऐकावंसं वाटणं.

आता बघा कोण कोणाबद्दल बोलतंय. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या कवितासंग्रहात उत्सुकुशि म्हणजे बायकामुलांवरची माया, शोनागोनकडे तेच खरबुजावर काढलेलं लहान मुलाचं तोंड किंवा उंदरासारखा आवाज काढला की टुणटुण उड्या मारत येणारं चिमणीचं पिल्लू, म्हणजे इवलंसं, गोड. नुसतं 'सुंदर' खूप नंतर आलं. कानाशि आज दुःख, पण तेव्हा प्रेमानेही जीव तुटायचा, त्यामुळे प्रिय माणसाबद्दल असेल तर लगेच 'दुःखी' लिहू नका. हाझुकाशि दुसऱ्याबद्दल असेल तर ती बऱ्याचदा स्तुती असते, समोरचा इतका भारी की आपल्यालाच लाज वाटावी.

इमिजि मात्र एकटं वाचूच नका, ते फक्त 'अतिशय' सांगतं, चांगलं की वाईट ते शेजारच्या शब्दांवरून ठरवा. आणि आजच्या जपानीची डिक्शनरी बाजूला ठेवून कोगो जितेन, म्हणजे जुन्या शब्दांचा कोश वापरा.