चालू सर्व्हरचा बॅकअप? आधी स्नॅपशॉट घ्या

आमचं ऑफिस महापेला एमआयडीसीत, बिलिंगचा लिनक्स सर्व्हर रात्री पण चालूच, त्यामुळे नुसतं आरसिंक (फाइल्स कॉपी करायची कमांड) मारलं की अर्ध्या फाइल्स आधीच्या नि अर्ध्या नंतरच्या, असला बॅकअप रिस्टोअर करताना रडवतो. डिस्क एलव्हीएमवर (लिनक्समधली डिस्कचे व्हॉल्यूम म्हणजे भाग सांभाळणारी सोय) असेल तर एलव्हीक्रिएट कमांडने स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाचं डिस्कचं गोठवलेलं चित्र, घ्या, काही सेकंदात होतो, मग तो रीड-ओन्ली माउंट करून (फक्त वाचण्यापुरता जोडून) निवांत दुसऱ्या डिस्कवर कॉपी मारा. फाइल सिस्टिम एक्सएफएस असेल तर माउंटला नोयूयूआयडी हा ऑप्शन लावा, नाहीतर ड्युप्लिकेट यूयूआयडी (ओळख क्रमांक, मूळचा नि स्नॅपशॉटचा एकच असतो) म्हणून माउंटच होत नाही (यात माझी अख्खी संध्याकाळ गेली, घणसोलीहून ठाण्याची शेवटची लोकल पण गेली).

स्नॅपशॉटला साइज नीट द्या. स्नॅपशॉट म्हणजे पूर्ण कॉपी नाही, मूळ व्हॉल्यूमवर जे ब्लॉक बदलतात त्यांचा जुना डेटा तेवढा त्यात जातो. मी १०० जीबीला १० देतो, पण कॉपी चालू असताना अधूनमधून एलव्हीएस कमांड मारून किती टक्के भरला ते बघतो, १०० टक्के भरला की स्नॅपशॉट बाद, परत पहिल्यापासून. मायएसक्यूएल डेटाबेस असेल तर स्नॅपशॉट घेण्यापुरती टेबलं लॉक करा. झालं की अनमाउंट करून एलव्हीरिमूव्हने स्नॅपशॉट काढून टाका, विसरलात तर सकाळी सर्व्हर स्लो म्हणून सगळे तुमच्याच नावाने बोंबलणार.