थायमस आकसलाय? आधी ॲड्रिनल बघा

अठ्ठावीस दिवस रसायन दिलेल्या उंदरांच्या स्लाइड येतात. जास्त डोसच्या गटात थायमसचा (छातीतल्या, टी-पेशी घडवणाऱ्या ग्रंथीचा) कॉर्टेक्स, म्हणजे बाहेरचा थर, पातळ दिसतो आणि नवखा पॅथॉलॉजिस्ट 'रोगप्रतिकार यंत्रणेवर विषारी परिणाम' असं लिहून मोकळा होतो. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच.

थायमस ताणापुढे फार लवकर हात टेकतो. डोस झेपेना, खाणं सुटलं, वजन उतरलं की मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि थायमसच्या कॉर्टेक्समधल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मरू लागतात. मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेजमुळे स्लाइडवर चांदणं पडल्यासारखं दिसतं. रसायनाने थेट मारा केला तरी चित्र असंच दिसू शकतं. म्हणून शरीराचं वजन, ॲड्रिनलचं वजन आणि रक्तातल्या लिम्फोसाइट-न्यूट्रोफिलचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय मत देऊ नका. वयाने थायमस आपोआप झिजतो, त्यामुळे तुलना त्याच वयाच्या कंट्रोलशी, म्हणजे रसायन न दिलेल्या उंदरांशी.

उलटी चूकही होते: सगळं ताणावर ढकलायचं. १९७६ साली इटलीत सेव्हेसोला कारखान्यातून पसरलेलं टीसीडीडी हे डायॉक्सिन ॲड्रिनल काढून टाकलेल्या उंदरांतही थायमस आकसवतं. तिथे ताणाची सबब चालत नाही. सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचं आणखी वेगळं, त्यात कॉर्टेक्सपेक्षा मेड्युला, म्हणजे आतला भाग, घटतो. म्हणूनच 'थायमस आकसला' हा अर्धवट शेरा आहे. कुठला भाग, किती प्रमाणात, पेशी कमी झाल्या की मरताना दिसल्या, हे वेगवेगळं नोंदवा. प्लीहेतही तसंच: धमनीभोवतीचा टी-पेशींचा पट्टा, बी-पेशींचे फॉलिकल (गोल पुंजके) आणि मार्जिनल झोन (त्यांच्या कडेचा पट्टा) यांना एकच ग्रेड देऊन टाकू नका.

काही घोळ मात्र सूक्ष्मदर्शकाच्या आधीच झालेले असतात. थायमसला चिकटलेली चरबी आणि शेजारच्या लसिका गाठी न काढता वजन केलं, तर आकसलेला थायमसही धडधाकट ठरतो. स्लाइडवर पेशींच्या कडा पुसट आणि केंद्रकं धूसर दिसत असतील तर विषबाधा शोधण्याआधी प्राणी मेल्यावर ऊती फॉर्मॅलिनमध्ये किती वेळाने पडली ते विचारा. अस्थिमज्जेचा रंग फिका आला तर हाड आम्लात जास्त वेळ राहिलं असण्याची शक्यता मोठी.

लसिका गाठ कुठली घेतली, हेही बघा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४०७ क्रमांकाची चाचणी रसायन ज्या मार्गाने दिलं तिथली गाठ मागते आणि जोडीला दूरची एक. तोंडावाटे डोस देऊन फक्त मानेतली गाठ तपासली, तर आतड्याजवळच्या मेसेंटेरिक गाठीतला बदल निसटतो. पेयर्स पॅचही (आतड्याच्या भिंतीतले लसिका ऊतीचे पुंजके) याच चाचणीच्या यादीत आहेत, पण ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेल्या ऊतीच्या तुकड्यात) नेमके तेच सापडत नाहीत. शवविच्छेदनाच्या टेबलावर आतडं उघडतानाच ते शोधून वेगळे ठेवावे लागतात. नंतर कितीही ब्लॉक कापले तरी उपयोग होत नाही.