सेन्सर अचानक ८५ अंश दाखवतो? कंपनीला प्रश्न असा विचारा

पौषातली थंडी, रात्रीचे दोन. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात शेजारच्या काकूंकडे थर्माकोलच्या पेटीत तीस गावरान अंडी उबवायला ठेवली होती. पेटी मी बनवलेली: एक बल्ब, तो चालू-बंद करणारा एक रिले (विजेवर चालणारा स्विच), आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर. आत ३७.५ अंश राखायचे होते. काकूंनी दार वाजवलं, "बल्ब लुकलुक करून राहिला न भाऊ, अंडे थंडे पडून राहिले." जाऊन पाहतो तर रिले टकटक वाजतोय आणि स्क्रीनवर आकडे आलटूनपालटून येतायत: ३४.८, ८५, ३४.९, ८५.

अशा वेळी सेन्सर बनवणाऱ्या कंपनीला विचारावं असं खेड्यातल्या छंदी माणसाच्या मनातही येत नाही. ते मोठे लोक, आपण दोन सेन्सर घेणारे. पण विचारता येतं. मात्र प्रश्न नीट तयार करून पाठवावा लागतो, आणि त्यात एक-दोन संध्याकाळी जातात.

आधी दोष कोणाच्या घरचा ते ठरवा

८५ हा आकडा सेन्सरचाच आहे. वीज मिळून तो नव्याने सुरू झाला की पहिलं मोजमाप होईपर्यंत त्याच्या आत ८५ अंश लिहिलेले असतात. हे डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात, स्पष्ट दिलेलं आहे. स्क्रीनवर उणे १२७ दिसत असेल तर तो आकडा सेन्सरचा नाही. सेन्सर सापडला नाही हे सांगण्यासाठी आर्डुइनोची नेहमीची लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार कोड) तो देते. तो प्रश्न चिप बनवणाऱ्याला विचारून उपयोग नाही. आधी वायर तपासा आणि डेटा लाइनवर ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आहे का ते पाहा.

मॉड्यूलच्या बाबतीतही हेच. कंपनी आपल्या चिपबद्दल बोलते. ती चिप बसवलेला निळा बोर्ड किंवा स्टीलच्या नळीत भरलेला वॉटरप्रूफ सेन्सर बहुतेकदा दुसऱ्याच कोणी जुळवलेला असतो. नळीत चिपवरची अक्षरंही दिसत नाहीत, आणि डीएस१८बी२० च्या नकला बाजारात फार आहेत. म्हणून अधिकृत वितरकाकडून एक सुटा सेन्सर मागवा आणि त्याच जागी लावून बघा. माउझर, डिजी-की, एलिमेंट१४ भारतात माल पाठवतात. लहान ऑर्डरला पाठवणीचा खर्च जड जातो, त्यामुळे दोघा-चौघांनी मिळून मागवलेलं बरं. बिल जपून ठेवा. अस्सल सेन्सरही तसाच वागला, तर तुमच्या प्रश्नाला वजन येतं.

आजची कंपनी शोधा

या सेन्सरच्या अंगावर अनेकदा 'डॅलस' लिहिलेलं असतं. डॅलस सेमीकंडक्टर २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली आणि मॅक्सिम २०२१ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे गेली. एलएम२५९६ ही व्होल्टेज कमी करणारी चिप नॅशनल सेमीकंडक्टरची होती, २०११ पासून ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे आहे. नव्या मालकाच्या संकेतस्थळावर भागाचा क्रमांक टाका. तिथल्या ताज्या डेटाशीटबरोबर अ‍ॅप्लिकेशन नोट (चिप कशी वापरावी याचं टिपण) आणि एराटा मिळतो का तेही पाहा. एराटा म्हणजे कंपनीने स्वतः कबूल केलेल्या चुकांची यादी. आपला दोष त्यात निघाला तर पुढची धावपळ वाचते.

मोजा

इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. माझा मल्टिमीटर ४.९ व्होल्ट सांगत होता, अगदी स्थिर. पण मल्टिमीटर संथ असतो, क्षणभराची घसरण त्याला दिसत नाही. ऑसिलोस्कोप लागतो, तो क्षणाक्षणाचं व्होल्टेज आलेखात दाखवतो. आपल्याकडे नसेल तर जवळच्या तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात मनमोकळेपणाने विचारा. मी पेटीच पिशवीत घालून बसने नेली होती. रिले ओढला जायचा त्याच क्षणी सेन्सरच्या टोकाशी व्होल्टेज ३ च्या खाली जात होतं. डेटाशीटप्रमाणे या सेन्सरला ३ ते ५.५ व्होल्ट लागतात. म्हणजे बल्ब लागला की सेन्सर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, ८५ सांगायचा, नॅनो बल्ब विझवायचा आणि पुन्हा तेच चक्र.

ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनवरच्या आलेखाचा फोटो घ्या. सर्किट कागदावर स्वच्छ काढा, वायरची लांबी लिहा, चिपवरची सगळी अक्षरं उजेडात तिरपी धरून टिपा. आपल्याकडची एक गोष्ट आवर्जून लिहा: पेटी कुठे आहे. मे महिन्यात धुऱ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात काय तापमान होतं, याची कल्पना परदेशातल्या इंजिनिअरला नसते. अनेक चिपांची साधी श्रेणी ० ते ७० अंशांची असते, औद्योगिक श्रेणी उणे ४० ते ८५ ची. नुसत्या तेवढ्या माहितीवर उत्तर बदलू शकतं.

लिहा

कंपनीच्या सपोर्ट फॉर्ममध्ये संस्थेचं नाव आणि वर्षाला किती नग लागतील हे विचारलेलं असतं. खरं लिहा: वैयक्तिक छंद, दोन नग. दहा हजार लिहिलं तर विक्री विभागाचा फोन येईल, आणि खोटं उघडं पडल्यावर बोलणं तिथेच थांबेल. सोपी, छोटी इंग्रजी वाक्यं पुरतात. मजकूर साधारण असा ठेवा:

"डीएस१८बी२०, वितरकाकडून घेतलेला, ३ मीटर वायर, ४.७ किलोओहम, ५ व्होल्ट. रिले चालू होताना ८५ अंश येतात. सेन्सरच्या टोकाशी पुरवठा क्षणभर ३ व्होल्टच्या खाली जातो, आलेख जोडला आहे. सेन्सरपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावूनही फरक नाही. इतक्या लांब वायरसाठी तुम्ही पुरवठा कसा द्यायला सांगता?"

एका पत्रात एकच प्रश्न. 'चालत नाही, मदत करा' याला कोणी काय उत्तर देणार?

पहिल्या उत्तरात बहुतेकदा प्रतिप्रश्नच येतो. तो टाळाटाळ समजू नका, मागितलेलं मोजून त्याच तिकिटावर, म्हणजे तुमच्या प्रश्नाला कंपनीने दिलेल्या क्रमांकावर, पाठवा. कामाचे चार-पाच दिवस काहीच आलं नाही तर तिथेच एकदा नम्रपणे आठवण द्या, नवं तिकीट उघडू नका. वितरकाकडेही तांत्रिक मदतीची सोय असते, बिलाचा क्रमांक देऊन तिथेही विचारता येतं.

उपाय लागू पडला की तेही कळवून तिकीट बंद करा, पुढे त्या इंजिनिअरला तुमचं नाव ओळखीचं राहतं. माझं शेवटचं वाक्य असं होतं: "रिलेला वेगळा चार्जर दिला, तीन रात्रीत ८५ एकदाही दिसलं नाही."